‘भाणार’चा उल्लेख आणि संवत् ८६६

भंडाऱ्याच्या प्राचीनत्वाविषयीं लिहितांना रतनपूरच्या कलचुरि राजा पहिला जाजल्लदेव याच्या शिलालेखाचा आधार दिला जातो. हा लेख नागपूरच्या संग्रहालयांत आहे. राजास करभार देणाऱ्या मांडलिकांच्या प्रदेशांत वैरागर व लांजिका यांबरोबर ‘भाणार’ हें नांव येतें. लांजिका म्हणजे लांजी व भाणार म्हणजे भंडारा, असें अभ्यासक मानितात. लेखाचा काळ संवत् ८६६, मार्गशीर्ष शुद्ध ९, रविवार असा दिला आहे. परंतु हा संवत् कोणता, हें लेखांत सांगितलेलें नाहीं.

सारा घोटाळा येथेंच संभवतो. हा आंकडा विक्रमाचा धरल्यास इ. स. ८०९-१०, शकाचा धरल्यास ९४४-४५ आणि हिजरीचा धरल्यास १४६१-६२ हा काळ निघतो. म्हणजे एका आंकड्यावरून भंडाऱ्याचा उल्लेख साडेसहाशें वर्षें मागेंपुढें सरकतो!

निर्णय राजवंश व वार या दोहोंनीं होतो. रतनपूरच्या घराण्यांत कलचुरि अथवा चेदि संवत् चालू होता. त्यांत २४८ मिळविले असतां इ. स. १११४, नोव्हेंबर ८ ही तारीख येते व त्या दिवशीं रविवारच पडतो, हें डॉ. कीलहॉर्न यांनीं दाखविलें आहे. एक वर्ष मागें जाऊन १११३ धरल्यास मार्गशीर्ष शुद्ध नवमीस रविवार येत नाहीं. तिथि शुद्ध पक्षांतील असल्यामुळें अमान्त-पूर्णिमान्त भेदाचीही अडचण नाहीं.

त्याच दिवशीं गत शक १०३६, दक्षिणी गणनेनें जय संवत्सर, गत विक्रम संवत् ११७१ व हिजरी सन ५०८ चालू होता. पुढील काळच्या महसुली कागदांवरून परिचित असलेला फसली सन मात्र येथें लावूं नये. ती गणना अकबराच्या कारकीर्दींतील आहे; तिचा आंकडा गणितानें काढतां येईल, पण तो पुरावा ठरणार नाहीं.

आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. १११४ हा लेखाचा काळ होय, करभार दिल्याचा नव्हे. ‘१११४ सालीं भंडाऱ्यानें खंडणी दिली’ हें विधान लेखावरून निघत नाहीं. प्रशस्तींत पूर्वींचे पराक्रमही एकत्र गुंफिले जातात.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, लेख वा हस्तलिखित प्रसिद्ध करितांना मूळ आंकडा, तिथि व वार जसेच्या तसे छापावे. संवताचें नांव व इसवी सन हे संपादकानें पुरविले असल्यास तें कंसांत वेगळें दाखवावें. मूळ वार गळला, तर पुढच्या अभ्यासकाच्या हातीं पडताळ्याचें साधनच उरत नाहीं.