वेश आणि विडंबन : ग्लॅम मेटल मैफलीच्या निमित्ताने

लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर १९८० च्या दशकात बहरलेल्या ग्लॅम मेटल संगीताचे विडंबन ‘स्टील पँथर’ हा तेथीलच बँड २००० सालापासून करीत आहे. फुगवलेले केस, चमकदार तंग पोशाख आणि दोन गाण्यांमधील चावट संवाद ही त्याच्या मैफलीची ठळक अंगे होत.

अशा मैफलीच्या प्रारंभी पुष्कळदा एखादा वेशधारी बँड प्रसिद्ध गाणी सादर करतो. या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘मॅक सबाथ’. हॅम्बर्गरच्या जाहिरातींतील पात्रांचा वेश धारण करून हे कलावंत ‘ब्लॅक सबाथ’च्या चालींवर फास्ट फूडची खिल्ली उडवतात. येथे उपहासाचे लक्ष्य रंगमंचाबाहेर असते.

‘स्टील पँथर’चे लक्ष्य मात्र त्याने स्वतःच धारण केलेला नायक हे आहे. गिटारवादक सॅचेल पूर्वी रॉब हॅलफर्डच्या ‘फाइट’ या बँडमध्ये होता. त्यामुळे शब्द हास्यास्पद असले तरी वादन अस्सल ठरते आणि प्रेक्षक हसता हसता मनापासून टाळ्या देतो.

तथापि, एक प्रश्न उरतो. प्रेक्षागृहातील स्त्रियांना मंचावर बोलावून त्यांच्यावर विनोद केले जातात, तेव्हा विडंबन नेमके कोणाचे होते? उद्दाम नायक हे सोंग आहे, मैफल संपताच ते उतरते. समोर उभ्या असलेल्या स्त्रीने मात्र कोणताही वेश घेतलेला नसतो. विडंबनाची मर्यादा, प्रस्तुत लेखकाच्या मते, येथेच स्पष्ट होते.