घोडचूक, पण वजिराची

नाटकाची समीक्षा करायला नाटक लिहिता यावं लागत नाही. त्याच न्यायानं मी आज बुद्धिबळाच्या एका डावाची समीक्षा करणार आहे. अडचण एवढीच, की या डावाचा नायक मी आहे आणि खलनायकही मीच. समोरचा संगणक म्हणजे नुसतं नेपथ्य.

२०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्याही माळ्यावरचा पट खाली आला. त्यातला एक उंट हरवला होता. त्याच्या जागी बाटलीचं बूच ठेवून आठवडाभर खेळलो, पण बूच तिरकं जातं हे मनाला पटेना. मग मोबाईलवर आलो. संगणकाशी हरण्यात कमीपणाही नाही. १९९७ साली न्यूयॉर्कला खुद्द कास्पारोव्ह ‘डीप ब्लू’ नावाच्या यंत्राकडून साडेतीन-अडीच असा हरला होता. ते यंत्र सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासायचं. म्हणजे हरलो तर थोरांच्या पंगतीत, जिंकलो तर थोरांच्याही पुढे. असा बिनतोट्याचा व्यवहार बँकेतसुद्धा पाहायला मिळत नाही.

ज्या रात्रीचा हा डाव, त्या रात्री घरात अबोला होता. कन्येला एका महाविद्यालयात जागा मिळाली होती. तिला मात्र दुसरीकडचा विषय हवा होता आणि त्यासाठी एक वर्ष थांबून प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यायची होती. “हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये,” असं मी सुनावलं आणि फोन घेऊन कोपरा गाठला.

पांढरी माझ्याकडे. पहिल्या तीन खेळ्या पाठांतराच्या: राजासमोरचं प्यादं दोन घरं, घोडा बाहेर, उंट त्याच्या घोड्यावर रोखलेला. ही सुरुवात रुय लोपेझच्या नावानं ओळखतात. या स्पॅनिश पाद्र्यानं १५६१ साली बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं. संगणकानं प्यादी सारून माझ्या उंटाला दोनदा हुसकलं. पेन्शनर गावच्या घरी परततो तसा तो मागे सरकत बी३ या घरात येऊन बसला. इथपर्यंत समीक्षकाची तक्रार नाही.

मधल्या काळात मी वजिरासमोरचं प्यादं पुढे केलं होतं. ते त्याच्या घोड्यानं खाल्लं, तो घोडा माझ्या घोड्यानं खाल्ला आणि माझा घोडा त्याच्या प्याद्यानं. जमाखर्च मांडला. घोड्यास घोडा फिटला, एक प्यादं येणे बाकी. आणि ते प्यादं पटाच्या मधोमध, डी४ वर, कुणाचाही आधार नसताना उभं! इतकी वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला समोर उभी असलेली येणेबाकी बघवत नाही. आठव्या खेळीला मी वजिरानं ते प्यादं उचललं.

कन्या पाणी प्यायला म्हणून आली होती. ती मागे उभी राहून बघू लागली.

संगणकानं सी-पट्टीतलं प्यादं दोन घरं सारून वजिराला हटकलं. मी वजीर डी५ वर नेला. एकाच खेळीत एफ७ वर मात आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर डोळा! स्वतःवर इतका खूश मी बीकॉम झालो तेव्हाही नव्हतो. त्यानं उंट मध्ये घातला. एका दगडात माझ्या दोन्ही धमक्या गेल्या आणि वर माझाच वजीर माऱ्यात आला. मी सी६ वर जाऊन शह दिला, तो उंट एक घर मागे आला. मी पुन्हा डी५ वर, पुन्हा मातीची धमकी. सलग चार खेळ्या वजीरच धावतोय. एकटा शिपाई सगळी कचेरी चालवतो तसं.

मग त्यानं तेच सी-पट्टीतलं प्यादं आणखी एक घर पुढे टाकलं. बस्स. माझ्या उंटाची वाट बंद, म्हणून मातीची धमकी फुकट. समोर त्याची दोन प्यादी, मागे माझीच दोन. उंट घरबसल्या कोंडला गेला. एका प्याद्याच्या मोबदल्यात तो वारला. पुढचं सगळं उत्तरकार्य.

डाव संपल्यावर यंत्र स्वतःच समीक्षा करतं. माझ्या आठव्या खेळीवर त्यानं तांबड्या शाईत दोन प्रश्नचिन्हं काढली. मराठीत याला घोडचूक म्हणतात. घोड्याचा यात काडीचा संबंध नसताना ही बदनामी का, ते व्याकरणकार जाणोत. या सापळ्याला ‘नोहाचं तारू’ म्हणतात. १९२९ साली बुडापेस्टला एन्ड्रे स्टायनरसारखा तयारीचा खेळाडू कापाब्लांकासमोर नेमक्या याच खेळीला यात अडकला होता. मला बरं वाटलं. स्टायनरला वाटलं नसावं.

पण खरी बोचली ती यंत्राची सूचना. वजिराऐवजी आधी उंट डी५ वर न्यायचा, हत्तीवर रोखून. हत्ती बाजूला झाला की त्याच उंटानं सी६ वरून शह द्यायचा, उंटाला उंट मारायचा आणि मग अकराव्या खेळीला तेच प्यादं वजिरानं निवांत उचलायचं. म्हणजे प्यादं माझंच होतं! फक्त तीन खेळ्या उशिरा मिळणार होतं. मुदतठेव मुदतीआधी मोडू नका, व्याज बुडतं, असं काउंटरवर बसून मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. आणि घरी येऊन ठेव मोडली ती मीच, दंड म्हणून एक अख्खा उंट भरून.

“बाबा,” मागून आवाज आला, “ते प्यादं कुठं पळून जाणार होतं?”

मी उत्तर दिलं नाही. यंत्र सगळं सांगतं: काय चुकलं, किती चुकलं, काय करायला हवं होतं. पण समोर उभं असलेलं सोडून मागून मिळणाऱ्यावर भरवसा ठेवायला माणूस का घाबरतो, हे त्याच्या तांबड्या शाईत बसत नाही. ते मलाच ठाऊक होतं. आणि पोरीच्या वर्षभराची पुढची पानं काही यंत्र उलटून दाखवणार नव्हतं.

“बस,” मी म्हणालो. “तुझ्या पुढच्या तीन खेळ्या काय आहेत, सांग बघू.”

ती बसली. मी माळ्यावरून काढलेला पट मध्ये ओढला. उंटाच्या जागी बूच होतंच.