दुकानाच्या पाटीवरचे शब्द

आपल्या भाषेंत परके शब्द कोणत्या वाटेनें येतात ह्याचा विचार मराठींत पुष्कळ झाला आहे. दरबारांतून आलेल्या फारसी शब्दांसाठीं शिवछत्रपतींनीं राजव्यवहारकोश करविला. कचेरींतून व शाळेंतून आलेल्या इंग्रजी शब्दांविरुद्ध सावरकरांनीं भाषाशुद्धीची मोहीम उघडली. परंतु दरबार, कचेरी व शाळा ह्यांहून अधिक खुली अशी एक चौथी वाट आहे, आणि ती दुकानाची होय. मालाच्या पुडक्यावर छापलेलें मालकाचें नांव गिऱ्हाईक उचलतें आणि त्या जातीच्या सर्वच मालास लावतें. कोणत्याहि दंतमंजनास कोलगेट, कोणत्याहि लोखंडी कपाटास गोदरेज, माती उपसणाऱ्या कोणत्याहि यंत्रास जेसीबी! ह्या शब्दांसंबंधानें आमचे टीकाकार एक तर नाक मुरडतात किंवा मौन पाळतात. आमच्या मतें ह्या दोहोंनींहि भाषेच्या अभ्यासाची हानिच होते.

सीताबर्डीचेंच उदाहरण घ्या. सरकारी अर्जावर 'छायांकित प्रत जोडावी' असें छापलेलें असतें. तो अर्ज हातीं घेतलेला मनुष्य बर्डीवरच्या दुकानीं जाऊन 'ह्याच्या दोन झेरॉक्स काढा' असें म्हणतो. दुकानाच्या पाटीवरहि तोच शब्द असतो, आणि आंतलें यंत्र पुष्कळदां भलत्याच कंपनीचें असतें. नागपूरकरांस ह्यांत एक विशेष मौज वाटावी. संस्कृत धातूंपासून राज्यकारभाराचे सहस्रावधि शब्द घडविणारे डॉ. रघुवीर ह्यांचें कार्य कांहीं वर्षें ह्याच शहरांत चाललें होतें. १९५६ पर्यंत हें शहर राजधानीचें होतें. म्हणजे पंडितांची टांकसाळ व बाजाराची टांकसाळ एकाच गांवांत होत्या, आणि बोलण्यांत बाजाराचें नाणें चाललें.

ह्यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, पंडितांनीं घडविलेले शब्द लोकांस रुचतच नाहींत. तें बरोबर नाहीं. 'झेरॉक्स' हा तरी कोणाचा शब्द? ग्रीक भाषेंत 'कोरडें' ह्या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून, ओहायो स्टेट विद्यापीठांतील एका ग्रीकच्या अध्यापकानें सुचविलेल्या 'झेरॉग्राफी' ह्या नांवापासून, तो निघाला. डॉ. रघुवीरांचा धातु व प्रत्यय जोडण्याचा जो खटाटोप, तोच हा! भेद इतकाच कीं, १९५९ त त्या कंपनीचें यंत्र बाजारांत आलें तेव्हां शब्द यंत्राबरोबर आला; आमचा शब्द मागाहून, परिपत्रकाच्या पाठीवर बसून आला. शब्द वस्तूच्या संगतीनें यावा लागतो, हें 'आगगाडी', 'काडेपेटी' आणि 'फटफटी' बनविणाऱ्या आमच्या निरक्षर पूर्वजांना बरोबर ठाऊक होतें. त्यांनीं दिव्याच्या तेलास 'रॉक ऑइल' पासून रॉकेल केलें, 'गॅस लाइट' पासून घासलेट केलें, आणि पुढें टीकाकारांना हलक्या वाङ्मयासाठीं 'घासलेटी' हें विशेषणहि मिळालें. ज्या 'केरोसीन' शब्दास आपण शास्त्रीय समजतों तो मात्र १८५४ त अब्राहम गेस्नर ह्यानें नोंदविलेलें व्यापारी नांव होय.

मग परका शब्द आपला झाला हें ओळखावें कशावरून? त्याची कसोटी व्याकरणांत आहे. 'डालडा' घ्या. 'दादा' नांवाच्या डच कंपनीच्या नांवांत लिव्हर कंपनीनें आपला 'ल' घातला व १९३७ त हा शब्द आपल्या देशांत विकावयास आणला. मराठीनें त्यास काय केलें पाहा: आकारान्त म्हणून पुल्लिंगी ठरविलें, आणि 'घोडा'चें जसें 'घोड्या', तसें 'डालडा'चें 'डालड्या' केलें. 'डालड्यांत तळलेली करंजी', 'डालड्याच्या डब्यांतली तुळस' असें बोलणाऱ्या बाईस आपण एका विलायती कंपनीचें नांव विभक्तींत चालवितों आहों ह्याची गंधवार्ताहि नव्हती. पुढें साजूक तुपाशीं तुलना होऊन 'डालडा' म्हणजे नकली, असा लक्ष्यार्थहि आला. तो पिवळा डबा आतां बहुतेक घरांतून गेला; शब्द मात्र राहिला. सामान्यरूप झालें, लक्षणा झाली. ह्याहून अधिक दाखला कोणत्या शब्दाजवळ मागावयाचा?

'झेरॉक्स' व 'बिसलेरी' ह्यांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. त्यांचें रूप बदलत नाहीं, परंतु दोन्ही स्त्रीलिंगी चालतात. 'एक झेरॉक्स काढली', 'एक बिसलेरी घेतली'. कां? 'प्रत' व 'बाटली' हे शब्द स्त्रीलिंगी म्हणून. जुना शब्द जिभेवरून गेला, पण आपलें लिंग नव्यास देऊन गेला. आमच्या शुद्धिवाद्यांनीं ह्या गोष्टीकडे लक्ष दिलें असतें तर त्यांचा शोक बराच हलका झाला असता.

गंमत अशी कीं, ह्या शब्दांच्या प्रसारानें सर्वाधिक भय मालकांसच वाटतें. झेरॉक्स कंपनीनें तर वर्षानुवर्षें जाहिराती देऊन लोकांस विनविलें कीं, आमचें नांव सामान्य नाम म्हणून वापरूं नका. कारण नांव सर्वांचें झालें कीं हक्क जातो. 'अ‍ॅस्पिरिन' हें सामान्य लोकांच्या दृष्टीनें औषधाचेंच नांव झालें आहे, असें अमेरिकेंतील न्यायालयानें १९२१ त ठरविलें. आमच्या १९९९ च्या कायद्यांतहि, चालू भाषेंत रूढ झालेल्या चिन्हाची सहसा नोंदणी होऊं नये, असें कलम आहे.

तथापि सर्वच प्रकार सारखे निरुपद्रवी नाहींत. 'बिसलेरी' मागणारा प्रवासी एका विशिष्ट शुद्धतेवर विश्वासून पैसे देतो, व हातीं येईल ती बाटली तोंडास लावतो. येथें नांव सामान्य झालें, पण भरंवसा मात्र विशिष्टाचाच राहिला. ह्यांत नुकसान पिणाऱ्याचें आहे. दुसरा दोष आमच्या कथालेखकांचा. कांहींजण रिक्षावाल्याच्याहि तोंडीं 'छायाप्रत' घालून पात्राचा जीव घेतात. कांहींजण पानोपानीं घड्याळाचें, मोटारीचें, अत्तराचें नांव देऊन पात्राच्या मनाचें काम पाटीवर सोंपवितात. पहिल्यांना कान नाहीं व दुसऱ्यांना डोळा नाहीं. 'फेविकॉलचा जोड' ही उपमा तर लेखकाची नव्हेच. ती जाहिरातवाल्यानें लिहून दिलेली आहे, व तिच्याबद्दल लेखकानें मानधन घेऊं नये हें बरें. उलट पुढाऱ्यावर जेसीबीनें फुलें उधळण्याचा जो प्रघात हल्लीं पडला आहे, त्याचें वर्णन दुसऱ्या कोणत्याहि शब्दानें होणार नाहीं; तेथें तो शब्द खुशाल वापरावा.

कोशकारांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं अशी नोंद करावी: डालडा, पुं., सामान्यरूप डालड्या, वनस्पति तूप, लक्षणेनें नकली वस्तु. झेरॉक्स, स्त्री.; छायाप्रत. आणि प्रत्येक नोंदीपुढें मूळ मालकाचें नांव व वर्ष लिहावें.