एका वाक्यातली फातिमा

९ जानेवारीला आता आमच्या बऱ्याच वस्त्यांतून फातिमा शेख यांची जयंती होते. कुठे उर्दू शाळेत, कुठे शादीखान्यात, कुठे बचत गटाच्या बायका एकत्र येऊन करतात. अशाच एका कार्यक्रमात एम. ए. करणाऱ्या एका बागवानाच्या मुलीने उभे राहून विचारले, "सर, ही जन्मतारीख कुठल्या कागदात आहे?" व्यासपीठावर आम्ही चौघे होतो. चौघेही मुस्लिम मराठी साहित्य चळवळीत केस पांढरे केलेले. एकालाही उत्तर देता आले नाही. अध्यक्षांनी वेळ कमी असल्याचे सांगून पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले.

त्या मुलीचा प्रश्न आम्हांला २०२५च्या जानेवारीत पुन्हा आठवला. फातिमा शेख हे पात्र आपणच रचले, अशी इतिहासात कोणी बाई नव्हतीच, असे एका पत्रकाराने समाजमाध्यमांवर जाहीर केले. आमच्यातल्या पुष्कळांनी त्यावर संताप ओतला. संताप रास्तच होता, पण त्याने पुरावा होत नाही. थोड्यांनीच कपाटातून पुस्तक काढले. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली काढले. समाजमाध्यमे तेव्हा जन्मालाही आली नव्हती. त्यात सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र आहे आणि त्या पत्रात फातिमा आहे. त्या पत्रकाराचा दावा इथेच निकालात निघतो.

आमचे काम मात्र तिथे संपत नाही. पत्रात आहे काय? सावित्रीबाई माहेरी आजारी आहेत. पुण्याच्या कामाचा भार आपल्यामागे फातिमावर पडला असेल, ती तो सोशीत असेल आणि कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा एक उल्लेख आहे. आडनाव नाही, जन्मतारीख नाही, शिक्षण कुठे झाले ते नाही. याशिवाय एक जुने धूसर छायाचित्र आहे आणि जोतीराव-सावित्रीबाईंनी घर सोडले तेव्हा उस्मान शेखांनी आसरा दिल्याची परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. एवढ्यावर आम्ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत किती लिहिले! कविता लिहिल्या, एकपात्री प्रयोग लिहिले, आमच्या वार्षिकांतून लेख लिहिले. सावित्रीबाईंवर पडलेले शेण आणि दगड आम्ही फातिमाच्या पदरातही घातले. मौलवींशी तिचे खटके उडवले. एका एकांकिकेत तर ती निकाह मोडून शाळेत येते. हे कुठून आणले, असे आम्ही एकमेकांना कधी विचारले नाही. २०२२ साली गूगलने ९ जानेवारीला तिचे चित्र झळकवले, तेव्हा तारखेवर जणू शिक्काच बसला.

कल्पनेला आमचा विरोध नाही. कवीने कल्पना करू नये तर काय करावे? आमची तक्रार निराळी आहे. या लेखनात फातिमा कधी सावित्रीबाईंची सावली होते, कधी हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रमाणपत्र. सभेत दाखवले आणि खिशात ठेवले. ज्या एकुलत्या वाक्यात ती खरोखर सापडते, तिथे ती यांपैकी काहीच नाही. तिथे ती काम करणारी बाई आहे. आजारी सहकारणीचे काम स्वतःच्या कामावर घेतलेली. सावित्रीबाईंना काळजी वाटते ती तिच्या धर्माची नव्हे, तिच्या ओझ्याची. दोघींचे नाते आम्हांला या एका उल्लेखात जितके दिसते, तितके आमच्या सगळ्या कवितांत मिळून दिसत नाही. कुरकुर न करणारी म्हणून तिचे कौतुक आहे, तेही जरा थांबून वाचायला हवे. कुरकुर केली असती तर कदाचित आणखी एखादा कागद उरला असता.

याच शाळांतली मुक्ता साळवे घ्या. मातंग समाजातल्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'ने छापला, म्हणून आज आपण तिचा आवाज तिच्याच शब्दांत वाचतो. फातिमाचे असे काही अजून हाती आलेले नाही. ते कधी नव्हतेच की कोणी शोधले नाही, हे शोधल्याशिवाय कळणार कसे? मोडी कागद आहेत, मिशनच्या वार्ताहरांचे अंक आहेत, मुंबई सरकारच्या शिक्षण खात्याचे दप्तर आहे, जुन्या कुटुंबांच्या पेट्यांतले निकाहनामे आणि खरेदीखते आहेत. हे वाचायला मोडी हवी, उर्दू हवी, इंग्रजी हवी आणि सवड हवी. पहिल्या तिन्ही गोष्टी शिकणारी मुले-मुली आमच्यात आहेत. सवड विकत घ्यावी लागते. अल्पसंख्याक समाजातील संशोधकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२मध्ये बंद केली. बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार घरांतून पहिल्यांदाच पीएच.डी.पर्यंत पोचणाऱ्या मुलींना तिचा अर्थ काय होता, हे त्यांच्या आईबापांना विचारावे.

सरकारला बोल लावून आम्ही मोकळे होणार असू, तर तेही ढोंगच. रा. चिं. ढेरे यांच्यामागे आपला समाज उभा नव्हता, तरी 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक त्यांनी १९६७ साली दिले आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद आमच्या घराघरांत पोचले. फकरुद्दीन बेन्नूर सरांनी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवता शिकवता चळवळ उभारली. सोलापुरात १९९० साली पहिले संमेलन झाले, त्यानंतर किती झाली! पण त्यांतल्या स्मरणिका, ठराव, अध्यक्षीय भाषणे एका जागी कुठे मिळतील, असे कोणी विचारले तर आम्ही पुन्हा त्या व्यासपीठावरच्या चौघांसारखे एकमेकांकडे बघू. उद्या कोणी म्हणाले की अशी चळवळ नव्हतीच, तर आम्ही काय दाखवणार?

म्हणून आम्ही जयंतीच्या संयोजकांना एक विनंती केली. हारतुरे आणि फलकाच्या खर्चातून एका मुलीचा पुण्या-मुंबईचा प्रवास आणि मुक्काम द्या. कार्यक्रमाला येणाऱ्या बायकांना सांगा, घरात आजी-पणजीच्या काळचा कागद असेल तर आणा. त्याची नक्कल काढून मूळ कागद त्याच दिवशी परत द्या. व्यासपीठावर तारीख सांगताना 'परंपरेने मानलेली' एवढे दोन शब्द जोडा. दोन ठिकाणी होकार मिळाला. एका ठिकाणी सांगण्यात आले, "असे शंकेखोर बोललात तर विरोधकांचे फावेल." आमच्या मते विरोधकांचे फावले ते आम्ही आधी शंका घेतली नाही म्हणून.

ती बागवानाची मुलगी सध्या रविवारी मोडी शिकायला जाते. अक्षरे लागू लागली आहेत, जोडाक्षरे अजून अडतात, असे तिने कळवले आहे. मुंबईच्या दप्तरखान्यात महिनाभर बसायचे तर राहायचे कुठे, हा तिचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आम्ही अजून दिलेले नाही.