‘वैमानिक शास्त्रा’तील दर्पण आणि विमानाची तापती काच : एक चिकित्सा

जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ मराठी वाचकांच्या चर्चेत पुन्हा आला. शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ मधील कथित उड्डाणाशीही तो सर्रास जोडला जातो. वस्तुतः भरद्वाजांच्या नावावर असलेला हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगितला, म्हणजे त्या कथित उड्डाणानंतर दोन दशकांहून अधिक काळाने! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची तपासणी करून त्याची रचना १९०४ पूर्वीची नाही आणि त्यातील विमाने उडणे शक्य नाही, असा निर्वाळा दिला. प्रस्तुत लेखात कालनिर्णयाचा हा प्रश्न पुन्हा उकरावयाचा नसून, ग्रंथातील केवळ दर्पणविषयक भाग आजच्या विमानाच्या काचेशेजारी ठेवून पाहावयाचा आहे.

या भागात विश्वक्रिया, शक्त्याकर्षण, वैरूप्य, कुंटिणी, पिंजुला, गुहागर्भ आणि रौद्री असे सात दर्पण येतात. ते घडविण्यासाठी लागणाऱ्या द्रव्यांच्या लांबलचक याद्या आहेत, मुशी व भट्ट्या आहेत, किती अंशांपर्यंत तापवावे याचे आकडेही आहेत. वर्णन वाचताना नेमकेपणाचा भास होतो तो या आकड्यांमुळे. मात्र दर्पण भट्टीबाहेर आला की त्याच्या उष्णतेचा विषय संपतो.

आजच्या विमानात खरा विषय तेथूनच सुरू होतो. वैमानिकासमोरची काच अनेक थरांची असते. बाहेरील काचेच्या आतल्या बाजूस वीज वाहून नेणारा पारदर्शक धातु-ऑक्साइडचा लेप असतो; त्यातून प्रवाह गेला की काच तापते. बाहेर उणे ५० अंश सेल्सिअस तापमान असताना बर्फ धरू नये, हा एक हेतू. दुसरा तितकाच महत्त्वाचा : मधला प्लॅस्टिकचा थर ऊबदार राहिला तरच लवचीक राहतो आणि पक्ष्याचा आघात सोसतो. काचेत बसविलेल्या संवेदकाचा विद्युत्‌रोध तापमानानुसार बदलतो. नियंत्रक तो सतत वाचून साधारणतः ४० अंशांच्या आसपास तापमान राखतो, थंड काचेला तडा जाऊ नये म्हणून वीज हळूहळू वाढवितो आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्यास पुरवठा तोडतो. मे महिन्यातील दुपारी चिकलठाण्याच्या विमानतळावर उन्हात उभ्या असलेल्या विमानात बटण दाबूनही तापनाचा दिवा लागला नाही, तर तो बिघाडच असेल असे नाही. काच मुळातच पुरेशी तापलेली असते.

ग्रंथाच्या दर्पणविचारात उणीव आहे ती नेमकी या परतीच्या वाटेची. मोजलेले माप पुन्हा पुरवठ्याकडे नेऊन त्याला आवर घालणे, ही कल्पनाच तेथे उद्भवत नाही. उडणाऱ्या यंत्राशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध आला आहे, त्याला तापलेली काच फुटते, गार काच धुरकटते, याची धास्ती असती आणि ती कोठेतरी मजकुरात उतरली असती. येथे दर्पण कधी तडकत नाहीत. द्रव्यनामे दुर्बोध आहेत हा समर्थकांचा नेहमीचा बचाव आहे. तो मान्य करून प्रत्येक द्रव्य उद्या ओळखता आले, तरी ही पोकळी भरून निघत नाही.