वाचणारे घर : निवड कोणाची?

‘आमचे घर वाचणारे होते’ हे वाक्य मराठी आत्मचरित्रांत आणि गौरवग्रंथांत इतक्या वेळा येते, की आपण ते न तपासताच मान्य करतो. मला या वाक्यातल्या ‘आमचे’ या शब्दाविषयी कुतूहल आहे. पुस्तक कोणी निवडले, मोठ्याने कोणी वाचले, कोणी नुसते ऐकले आणि त्या वेळी स्वयंपाकघरात कोण होते, हे प्रश्न विचारले तर घराघरांतल्या वाचनाचे चित्र बरेच बदलते. एक कादंबरी आणि दोन आत्मकथने यांच्या आधारे हे चित्र पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

छापील पुस्तके घरात येण्यापूर्वीही आपल्याकडे एकत्र वाचन होतेच. श्रीधरांचा ‘हरिविजय’ 1702चा, ‘पांडवप्रताप’ 1712चा. चातुर्मासात असे ग्रंथ लावले जात. एकजण वाची आणि बाकीचे ऐकत. या प्रथेचे मोल मी कमी मानत नाही. अक्षर न ओळखणाऱ्या बाईलाही तिथे जागा होती. ऐकून ऐकून तिला ओव्या पाठ होत आणि दळता-कांडताना त्या तिच्या तोंडी येत. मात्र कोणता ग्रंथ लावायचा हे परंपरा आणि पंचांग ठरवीत. ‘आवडते पुस्तक’ ही कल्पना त्या व्यवस्थेत जवळजवळ नव्हती. ऐकण्यात सर्वांना वाटा होता, निवडण्यात नव्हता.

निवडीचा प्रश्न छापील नियतकालिकांनी आणला. हरि नारायण आपटे यांनी 1890 साली ‘करमणूक’ सुरू केले, ते घरातल्या सर्वांनी वाचावे म्हणून. त्यातच ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः आली. या कादंबरीची निवेदिका यमू. तिला शिकण्याची गोडी नवऱ्यामुळे लागते. पुण्याच्या एकत्र कुटुंबात बाईचे वाचन हा चेष्टेचा आणि टोमण्यांचा विषय आहे. मुंबईच्या छोट्या बिऱ्हाडात मात्र नवराबायको मोकळेपणाने वाचू-बोलू शकतात. कादंबरीतला सर्वांत सुखाचा भाग हाच. पण रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर ते सुख एका फटक्यात संपते. समीक्षकांनी या कादंबरीतल्या केशवपनाच्या क्रौर्याविषयी पुष्कळ लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. मला त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट दिसते. यमूचे वाचन नवऱ्याच्या हयातीवर अवलंबून होते. दोघांनी मिळून वाचलेली पुस्तके तिच्या मनात राहिली असतील, पण ती वाचण्याचा अधिकार तिच्या नावावर कधी चढलाच नव्हता.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910चे. 1873 साली लग्न झाल्यावर माधवरावांनीच त्यांना शिकवायला घेतले. दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसायचा आणि रात्री धडा गिरवायचा, असा तो क्रम होता. रमाबाई हे कोणावर राग न धरता सांगतात, म्हणून आपण या आठवणी एका आदर्श सहजीवनाची कथा म्हणून वाचतो. त्या तशा आहेतही. तरी काय वाचायचे हे गुरू ठरवतो आणि शिष्या कृतज्ञ राहते, ही मांडणी पुस्तकभर टिकते. त्यांनी पुढे सेवासदनातून केलेले काम पाहिले, की त्यांना स्वतःची मते भरपूर होती हे कळते. पुस्तकात मात्र ती मते बहुधा पतीच्या छायेत उभी राहतात.

‘स्मृतिचित्रे’त ही छाया हलते. लक्ष्मीबाई टिळकही शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनाही अक्षरओळख लग्नानंतर, नवऱ्याकडूनच झाली. पण नारायण वामन टिळकांविषयी लिहिताना त्या हसतात, चिडतात, त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से रंगवतात आणि तरीही त्यांचे कवित्व ओळखतात. शिकवणाऱ्याला पारखण्याचा हक्क त्यांनी घेतला आहे. 1934पासून भागाभागाने आलेले हे पुस्तक आजही ताजे वाटते, ते या हक्कामुळे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लिहायला घेण्याचे धैर्यही त्यातूनच आले असावे, असे मला वाटते. एका घरातले लेखन-वाचन इथे खऱ्या अर्थाने हातोहात गेले.

हा फक्त शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न नाही. माझ्या लहानपणी आमच्याकडे वाचनालयाचे एकावेळी एकच पुस्तक येई. वडील, मग काका, मग आम्ही भावंडे आणि शेवटी आई, असा क्रम कोणी न ठरवता ठरलेला होता. कित्येकदा आईची पाळी येण्याआधी परत करायची तारीख येई. गोष्टीचा शेवट ती आम्हाला विचारून घेई. आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगत असू, की आमच्या घरात सगळे वाचतात.

आज पालक ‘श्यामची आई’ मुलाच्या हाती देतात, तेव्हा हेतू चांगलाच असतो. आपल्याला जे रडू आले ते मुलालाही यावे, ही त्यामागची इच्छा मी समजू शकतो. पण ते पुस्तक मुळात श्यामने रात्री-रात्री मित्रांना सांगितलेल्या आठवणींचे आहे. ऐकणारे त्याच्या आवडीने, आपणहून बसलेले आहेत. आपण त्याची सक्तीची मात्रा केली, तर निवेदनातला हा स्नेहच हरवतो. मूल ‘मला नाही आवडले’ म्हणाले आणि त्यावर जेवताना वाद झाला, तर पुस्तकाचा अपमान होत नाही. उलट तेव्हाच ते पुस्तक त्या घराचे होऊ लागते.

मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून ‘मनोरंजन’च्या 1909च्या अंकाचा उल्लेख होतो. तेव्हापासून दिवाळी अंक घरात एक येतो आणि अनेकांच्या हातांतून जातो. हा अंकही तसाच जाईल. तो आधी कोणाच्या हातात पडतो आणि कोणाला तो फराळाची भांडी घासून झाल्यावरच मिळतो, एवढे या वर्षी पाहावे. वाचणाऱ्या घराची परीक्षा कपाटातल्या पुस्तकांच्या संख्येपेक्षा त्या क्रमात अधिक नेमकी होते.