मतदानाची खोली आणि कादंबरी

निवडणूक हा विषय आपल्या कादंबरीला नवा नाही. जीपगाड्या, सभा, रात्रीच्या बैठका, पाकिटे, निकालाच्या दिवशीचा गुलाल, हे सारे मराठी वाचकाला पाठ आहे. मीही एका कादंबरीत ते सारे घातले, आणि वाचकांची पत्रे आली ती नेमकी त्याच प्रकरणांबद्दल. त्या कादंबरीत मतदानाच्या खोलीला मी तीन वाक्ये दिली असून तिच्यातला केंद्राध्यक्ष पेंगत बसलेला आहे. मास्तरकीमुळे मला पाच निवडणुकांत त्या खुर्चीवर बसावे लागले. पहाटेपासून पेट्या जमा होईपर्यंत पाठ टेकायला मिळत नाही, हे मला ठाऊक होते. तरीही मी असे लिहिले. का लिहिले, याचा शोध घेताना हा लेख सुचला.

याचे मूळ डिकन्सपर्यंत जाते असे मला वाटते. 'पिकविक पेपर्स' (1836-37) मधली ईटन्सविल गावची निवडणूक ज्याने वाचली असेल त्याला ती विसरता येणार नाही. निळे आणि पिवळट असे दोन पक्ष. उमेदवार लोकांची पोरे उचलून मुके घेतो. विरोधकांच्या चौदा मतदारांच्या दारूत गुंगीचे औषध पडते. मतदारांनी भरलेली गाडी कालव्यात उलटवण्यासाठी गाडीवानाला वीस पौंड मिळतात. हसून पुरेवाट होते. पण ही सारी गंमत एका गोष्टीवर उभी आहे. तेव्हा मत उघड द्यावे लागे. विकत घेतलेला माल पोचला की नाही, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत होते. इंग्लंडात गुप्त मतदान आले 1872 साली; ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी ते 1856 मध्येच सुरू केले होते. डिकन्स 1870 साली वारला, म्हणजे आपल्या देशातली गुप्त मतपत्रिका त्याने पाहिलीच नाही. पडदा लागला आणि विकत घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची पाळी आली. शेकडो प्रवचनांनी जे झाले नसते ते एका आडोशाने केले. (आता त्या आडोशात मोबाईल नेता येऊ नये म्हणून जपावे लागते, ते याचसाठी.)

आम्ही मात्र अजून डिकन्सचीच निवडणूक लिहितो आहोत. अरुण साधूंचे 'सिंहासन' मी मोठ्या आदराने वाचले आहे. पण तिथली झुंज खुर्चीवर बसलेला आणि बसू पाहणारा यांची आहे, मतदार केव्हाच घरी गेला आहे. 2017 सालच्या 'न्यूटन' या हिंदी चित्रपटाने पहिल्यांदा मतदानाची चमू घेऊन जंगलात पाऊल टाकले, शहात्तर मतदारांसाठी. तो मला आवडला. फक्त त्यातला नायक इतका एककल्ली आहे, की नियम पाळणे ही एक विक्षिप्तपणाचीच तऱ्हा आहे असे वाटू लागते.

त्या खोलीत खऱ्या अर्थाने शिरलेला लेखक मला भेटला तो इटलीचा. इतालो काल्विनोची एक लहानशी कादंबरी आहे, 1963 सालची. मतदानकेंद्रावर निरीक्षक म्हणून बसलेल्या माणसाचा एक दिवस, एवढाच तिचा विषय. मी मॅट्रिक झालेला माणूस. इंग्रजी भाषांतर शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. साल 1953. ज्या आघाडीला निम्म्याहून एक मत जास्त मिळेल तिला 65 टक्के जागा द्यायच्या, असा कायदा सरकारने आणलेला. विरोधक त्याला फसवणुकीचा कायदा म्हणत. (आघाडीला ती निम्मी मते थोडक्यात मिळाली नाहीत.) अमेरिगो ओर्मेआ हा कम्युनिस्ट पक्षाचा माणूस तूरिनमधल्या कोत्तोलेंगो या प्रचंड धर्मादाय संस्थेतील केंद्रावर बसतो. तिथले मतदार म्हणजे पंगू, खिळलेले, काही तर मनाने अधू. जोगिणी आणि पाद्री त्यांना आणतात. हे मत कोणाचे? विचारणे हे अमेरिगोचे काम. काल्विनो स्वतः 1961 मध्ये तेथे असेच काम करून आला होता, आणि ते पानापानांवर जाणवते.

यातले मर्म असे, की अमेरिगो तेथे अविश्वास दाखवण्यासाठी बसलेला आहे, आणि तो अविश्वास हेच त्याचे कर्तव्य आहे. आपल्याकडेही तेच. मतदानापूर्वी दीड तास आधी निदान पन्नास मतांचे अभिरूप मतदान करायचे, ते प्रतिनिधींसमोर मोजायचे, पुसायचे, मग यंत्राला मोहोर. समोरचा मतदार तोतया वाटला, तर कोणताही प्रतिनिधी दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल, तर खऱ्या मतदाराला वेगळी कागदी मतपत्रिका मिळते. संध्याकाळी 17-सी या नमुन्यात एकूण मते लिहून त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीच्या हाती द्यायची, म्हणजे मोजणीच्या दिवशी तो आकडा ताडून पाहील. या रचनेत कोणालाही सज्जन गृहीत धरलेले नाही, केंद्राध्यक्षालाही नाही. आणि तसे धरू नये हे चंदिगडच्या महापौर निवडणुकीत जानेवारी 2024 मध्ये दिसले. अध्यक्षाने स्वतःच मतपत्रिकांवर खुणा केल्या, आठ मते बाद ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाला तो निकाल फिरवावा लागला. कॅमेरा होता म्हणून कळले.

पण परस्परांवर नजर ठेवणारेच एकमत झाले तर?

ऑक्टोबर 2019, विधानसभेचे मतदान. दुपारी एक आजी आल्या. दोन्ही डोळे गेलेले. सोबत नात, अकरावीत शिकणारी, सतरा वर्षांची. अंध मतदाराला सोबती नेता येतो, पण तो अठरा पूर्ण असावा लागतो. यंत्रावर ब्रेल आकडे असतात खरे. आजींना अक्षरओळखच नव्हती. तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी, जे सकाळपासून एकमेकांकडे पाहत नव्हते, ते एकदम म्हणाले, "गुरुजी, जाऊ द्या. आमची हरकत नाही." मी म्हटले, "आजी, दुसरं कोणी आणता येईल का?" शेजारीण रांगेत उभी होती, ती तयारही झाली.

आजी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातानं द्यायचं म्हंजे ते दुसऱ्याचंच की, मास्तर."

नातीचा हात धरून त्या गेल्या. मी सहा वाजेपर्यंत दाराकडे पाहत होतो. आल्या नाहीत.

नियमाने मी चुकलो नव्हतो. मला त्या वेळी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची गोष्ट आठवली. 1951-52 साली उत्तरेकडच्या कितीतरी बायका आपले नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नोंद घेण्यास नकार दिला आणि सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. सेनांचे बरोबर होते. नाव नसलेल्या मतदाराच्या जागी कोणीही उभे राहू शकते. त्या 28 लाखांचे काय, हा प्रश्नही बरोबरच आहे.

काल्विनोचा अमेरिगो नेमका येथेच अडखळतो. वॉर्डात एक शेतकरी आपल्या मतिमंद मुलाला बदाम फोडून देत बसलेला आहे. दर रविवारी येतो, मुलगा चावताना पाहतो. अमेरिगोचे सारे आक्षेप योग्य असूनही त्या बदामांपुढे अपुरे वाटू लागतात. पुढे मात्र लेखक चिंतनात फार रमतो, आणि प्रेयसीशी दूरध्वनीवरचे भांडण तर मला उपरेच वाटले. तेवढ्यात ती खोली हातची निसटते. आमच्या लेखकांना ती अजून सापडायचीच आहे. आता पंच्याऐंशी वर्षांवरील मतदाराला घरीच मत देता येते. 2024 च्या लोकसभेपासून ही सोय देशभर झाली. म्हणजे तो पडदा आता माजघरात लागणार, जिथे थोरला मुलगा दाराशी उभा आहे. कादंबरीकाराला आणखी काय हवे?

नव्या कादंबरीतले हे प्रकरण मी तीनदा लिहिले. पहिल्या खेपेस केंद्राध्यक्षाने मुलीला आत सोडले. दुसऱ्या खेपेस आजी शेजारणीला घेऊन परत आली. दोन्ही फाडून टाकली. तिसऱ्यात ती जाते. संध्याकाळी तो 17-सी भरतो, आकडा दोनदा तपासतो, आणि तिन्ही प्रतिनिधी खाली सह्या करतात.